थोरलीने मोजलेले बहर

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात हत्तिणींचा कळप राहत असे. थोरली त्यांची म्होरकी. मनाने प्रेमळ, पण नियमाला भलतीच पक्की. मुलांनो, हत्तीचा सारा जीव त्याच्या दाढांत असतो, बरं का! शेवटच्या दाढा झिजल्या, की समोर अख्खे रान असूनही उपाशी मरायची पाळी येते. म्हणून थोरलीने नियम घातला होता : वर्षाला एक असे मोहाच्या झाडाचे ठरलेले बहर पाहून झाले, की त्या हत्तिणीने रानात वणवण न करता तळ्याकाठी राहून कोवळे गवत खावे. ते गवत थोडेच उगवे, म्हणून बहर मोजल्याखेरीज तिथे कोणालाही जागा मिळत नसे.

थोरलीची पाठची बहीण धाकटी अलीकडे वाळत चालली होती. चालताना सारखी मागे पडे. तळ्याकाठी राहू का, असे तिने एकदा विचारलेही. थोरलीने तिला सोंडेने कुरवाळले आणि समजावले, "अगं, तुझे बहर अजून पुरते झाले नाहीत. आज बहिणीला तिथे सोडलं, तर उद्या बाकीच्यांना काय सांगू?" धाकटी पुन्हा बाभळीची साल सोलू लागली.

एका दुपारी धाकटी कळपात दिसेना. थोरली एकटीच तिला शोधायला मागे वळली. म्होरकी नेहमी पुढे चालायची, त्यामुळे कळप गेल्यावर वाटेवर काय पडलेले असते, ते तिने कधी पाहिलेच नव्हते. आज तिला धाकटीची लीद दिसली. त्यात गवताच्या काड्या आणि सालीचे लांब दोरे जसेच्या तसे होते. पोटात गेलेले सारे न चावताच बाहेर पडले होते. पुढे एका झाडाला टेकून धाकटी उभी होती. थोरलीने हळूच तिच्या तोंडात सोंड घातली. दाढा नदीतल्या गोट्यांसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

थोरलीला जुने दिवस आठवले. दुष्काळात एका पोरक्या पिल्लाला धाकटीने वाढवले होते. मऊ पाला त्याला देऊन स्वतः वाळूने माखलेले खुंट आणि साली चावल्या होत्या. हे सगळे थोरलीच्या डोळ्यांदेखत घडले होते.

"दाढांचं बोलली का नाहीस गं?"

"ताई, तू बहर मोजत होतीस. आणि बहर काही खोटे नव्हते."

थोरली तिला आधार देत तळ्याकाठी घेऊन आली. तिथली म्हातारी हत्तीण लगेच बाजूला सरली. "ये बाई, बस. मी जन्मभर नदीकाठचं मऊ गवत खाल्लं. माझ्या दाढा अजून धडधाकट आहेत. मला इथे धाडलंत, तेव्हा माझं तोंड तरी कोणी पाहिलं?" असे म्हणून तिने वाटेतला बांबू कडाकड चावला आणि ती खुशीत रानाकडे निघाली. थोरली मात्र त्या दिवशी कळपाकडे गेली नाही. कोवळे गवत उपटून, माती झाडून, बहिणीला घासघास भरवत राहिली. आणि पुढे अधूनमधून ती कळपाच्या अगदी मागून चालू लागली.

तात्पर्य : कोण किती झिजले, हे वर्षे मोजून कळत नाही, त्याच्या वाट्याला काय चावणे आले, ते जवळ जाऊन पाहावे लागते.