मालनच्या कॉम्प्युटरमधली मापं

बार्शीत मालन नावाची एक बाई कपडे शिवायची. घरात कॉम्प्युटर एकच. त्यात तिच्या गिऱ्हाइकांची मापं, अन् त्यावरच लेक केतकी गेम खेळायची. खेळता खेळता पोरगी गेमच्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पोचली.

कॉम्प्युटर घेऊन मायलेकी मंडपात आल्या, तर आयोजक विश्वासराव आडवे आले. "आधी आमचा प्रोग्राम टाका. खेळात कुणी चोरी करू नये म्हणून तो आतलं सगळं तपासतो अन् या मोठ्या पडद्यावर दाखवतो. नाहीतर पोरगी बाद."

केतकीचं तोंड एवढंसं झालं.

मालन म्हणाली, "यात बायकांची मापं आहेत, साहेब. ती आम्ही त्यांच्या नवऱ्यांनासुद्धा सांगत नाही."

"चोरी केली नसेल तर लपवायचं कशाला?" विश्वासराव माइकवरून म्हणाले. मंडप हसला.

मालनने शांतपणे कॉम्प्युटर सुरू केला. "टाका तर मग. पहिल्या रांगेत वहिनीसाहेब बसल्यात, त्यांचंही माप यात आहे. कंबर कुणाला सांगू नकोस म्हणून त्यांनी मला शपथ घातलीय. त्यांनी कुठं चोरी केली, ते तेवढं विचारून घ्या."

विश्वासरावांची बायको जागेवरून उठली.

विश्वासरावांनी माइक खाली ठेवला अन् आपला कोरा कॉम्प्युटर केतकीपुढे सरकवला.

"यावर खेळ, बाळ."