कोमट पाण्यातलं बी

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात फार पूर्वी एक माळी राहत होता. त्याच्या वांग्यांना पंचक्रोशीत मान होता.

त्या घरची एक रीत होती. पेरणीआधी बियाण्याची पुरचुंडी कढत पाण्यात धरायची. पाणी असं, की बोट बुडवताच मागे यावं. जात्यावर शेरभर ज्वारी दळून होईपर्यंत ते निवू द्यायचं नाही. मग बी गार पाण्यात बुडवून सावलीत वाळवायचं. बियाला चिकटलेला रोग त्यात मरे. थोडं बीही मरे.

हे काम माळ्याची आई करी. ती अंथरुणाला खिळली आणि पुरचुंडी माळ्याच्या हाती आली.

त्या घरचा वाफा नेहमी विरळ उगवे. पाणवठ्यावर शेजारी माळ्याला विचारत, बी पेरतोस की आमटी करतोस? माळी मानी होता. बोलणं त्याला लागे. त्यात लेकीचं नुकतंच लग्न झालेलं. सासरी न्यायला ती बी मागत होती. तिच्या रानात तरी दाट उगवावं, म्हणून त्याने पाणी कोमटच ठेवलं.

आई अंथरुणातून म्हणाली, "वाफ दिसत नाही रे."

"आहे. तुला दिसत नाही."

म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

वाफा दाट उगवला. हसणारे बघायला आले. तिकडे लेकीच्या सासऱ्याने त्या बियाच्या भरवशावर ज्वारी न पेरता सगळं रान वांग्यांना दिलं.

आधी पानांवर तपकिरी ठिपके पडले, मग फळांवर. फळं मऊ पडून गळू लागली. माळ्याने आपली झाडं उपटून जाळली आणि तो लेकीच्या गावी निघाला. शिवेवरच त्याला तसाच धूर दिसला.

लेक बांधावर बसली होती. तिने विचारलं, "बाबा, पाणी कढत होतं?"

माळ्याने डोक्याचं पागोटं काढून बांधावर ठेवलं.

"मी सासऱ्यांना सांगितलं होतं, माझ्या बापाचं बी आहे, बघायला नको."

त्या घरात त्याला कोणी पाणी विचारलं नाही. थंडी पडायच्या आत ते घर पोटासाठी परमुलखात गेलं. कुठे, ते कोणाला कळलं नाही.

पुढच्या पेरणीला आई नव्हती. माळ्याने गाडग्यातलं उरलंसुरलं जुनं बी काढलं आणि पाणी बोट पोळेपर्यंत तापवलं. वाफा विरळ उगवला. वांगी निरोगी आली. त्यांचं मूठभर बी त्याने लेकीसाठी फडक्यात बांधून आढ्याला टांगलं.

ते न्यायला कोणी आलं नाही.

तात्पर्य एवढंच: लोकांच्या हसण्याला भिऊन ज्याने कामात कुचराई केली, त्याच्या चुकीचं भोगणं त्याच्या माणसांच्या वाट्याला येतं.