हजेरीची रास

सुकाळवाडीच्या वरच्या डोंगराचा माथा अगदी कोरडा आहे. काळा, खडबडीत कातळ आणि त्यावर करवंदाच्या दोन-चार जाळ्या. मधोमध मात्र गुळगुळीत, वाटोळ्या गोट्यांची छातीइतकी उंच रास आहे. असे गोटे फक्त आरळा नदीच्या पात्रात सापडतात, आणि नदी तर खाली चार तासांच्या वाटेवर आहे.

वर आलेले पाहुणे राशीभोवती फिरतात आणि म्हणतात, पूर्वी नदी इथून वाहत असेल. त्यांना वाट दाखवणाऱ्या तुळसाबाई इदे तोवर पदराने घाम पुसत बसून राहतात. मग म्हणतात, "नदी कशाला डोंगर चढंल? जंगलखात्याच्या संशयानं चढवलेत हे गोटे." आणि त्यामागची हकिगत सांगायला लागतात.

तेव्हा संस्थानचे राज्य होते. जंगलखात्याचा कारभार सुधारावा, नोकरमाणसांना शिस्त लावावी आणि रानातल्या कामाचे नियम नव्याने लिहावेत, म्हणून दरबाराने रंगनाथराव नावाच्या अधिकाऱ्यांना सुकाळवाडीच्या कचेरीत पाठवले. ते स्वच्छ हाताचे होते, असे सांगतात. लाच सोडाच, कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नसत. पण त्यांचा कुणावर विश्वास बसत नसे. दूध आले की ते आधी बोट बुडवून पाहत, आणि पत्र आले की पाकिटाची चिकटवलेली कड उजेडात धरून पाहत.

आल्या दिवशीच त्यांनी फेरीवह्या मागवल्या. प्रत्येक रखवालदाराने आपल्या हद्दीत फिरून आले की त्या वहीत नोंद करायची असे. या डोंगराचा रखवालदार खेवजी लोहकरे. त्याच्या आधी त्याचा बाप याच हद्दीवर होता. खेवजीला लिहिता येत नव्हते. तो सांगे आणि कारकून दामूअण्णा लिहून घेत. वहीत पानामागून पान एकच ओळ होती. 'डोंगर फिरलो. सर्व ठीक.'

"रोज सर्व ठीक?" रंगनाथरावांनी विचारले.

"ठीक व्हतं म्हणून ठीक सांगितलं, साहेब."

"श्रावणात आठवडाभर झड लागली होती. तेव्हाही फिरलास?"

"तवा तर जास्तीच फिरावं लागतं. चोरांना वाटतं, रखवालदार चुलीम्होरं शेकत बसला आसंल."

इतके तयार उत्तर खोटारड्याकडेच असते, असे रंगनाथरावांना वाटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा नियम काढला. रोज सकाळी नदीतल्या एका जड गोट्यावर कारकुनाने चुन्याने तारीख घालायची. खेवजीने तो गोटा माथ्यावर ठेवून यायचा आणि दिवस मावळायच्या आत कचेरीत वर्दी द्यायची. गोटा वर पोचला तर हजर, नाहीतर गैरहजर. तीनदा गैरहजर झाला तर बडतर्फ.

शनिवारी रंगनाथराव स्वतः वर चढले. कातळावर सहा तारखांचे सहा गोटे ओळीने मांडलेले होते. ते बराच वेळ त्या गोट्यांकडे पाहत उभे राहिले. याची बायको तर आणून ठेवत नसेल? पुढच्या आठवड्यात त्यांनी दामूअण्णांना पाळतीवर बसवले. दामूअण्णांनी येऊन सांगितले, "खेवजीच नेतो, साहेब. डोळ्यांनी पाहिलं." तेव्हा रंगनाथरावांना दामूअण्णांचाच संशय आला.

अशी दोन महिने गोट्यांची रास वाढत गेली. रंगनाथरावांनी दरबाराला कळवले की नियम चोख चालला आहे. आणि तिसऱ्या महिन्यात एक गुराखी कचेरीत आला. डोंगरामागच्या काळदरीत सागाची एकवीस झाडे तुटली आहेत, म्हणाला.

काळदरी खेवजीच्याच हद्दीत होती. असे म्हणतात की, ही बातमी ऐकून रंगनाथरावांना वाईट वाटण्याआधी समाधान वाटले. आपला संशय खोटा नव्हता तर! त्यांनी तिथल्या तिथे बडतर्फीचा हुकूम लिहिला आणि चोरांना सामील म्हणून खेवजीला फौजदाराच्या ताब्यात द्यावे, असेही खाली लिहिले. फक्त सही राहिली होती.

खेवजीला बोलावले.

"काळदरीत शेवटचा कधी गेलास?"

"नवा हुकूम निघाला त्याच्या आदल्या दिशी."

"म्हणजे दोन महिने गेला नाहीस! आणि तोंड वर करून सांगतोस?"

"खोटं कशाला सांगू? गोटा घिऊन वर जायाचं, उतरून वर्दी द्यायची, त्यातच दिवस कलतो. पहिलं वानरं वरडली, पाखरं उठली की मी तिकडं पळायचो. आता पळालो तर गोटा राहतो. गोटा राहिला तर नोकरी राहत न्हाई."

"कामचुकारांची कारणं फार."

"मग तुम्हीच बघा की नेऊन," खेवजी म्हणाला. बोलून गेल्यावर तो स्वतःच घाबरला म्हणे.

रंगनाथरावांनी हुकूम टेबलावर ठेवला. "उद्या गोटा मी नेईन. काळदरीही फिरेन. दोन्ही झालं की येऊन या कागदावर सही करीन. तोवर तू या ओसरीवरून हलायचं नाही."

सकाळी ते गोटा खांद्यावर घेऊन निघाले. अर्ध्या चढावर त्यांचा श्वास फुलला. एका वळणावर ते टेकले, तेव्हा पलीकडून वानरांचा कालवा ऐकू आला, आणि त्यामागून कुऱ्हाडीचा आवाज. ठक, ठक. थांबून पुन्हा ठक.

रंगनाथराव गोटा धरून उभे राहिले. वर जावे तर झाड पडते, दरीत उतरावे तर गोटा राहतो. नियम त्यांनीच लिहिला होता, त्यात तिसरी वाट ठेवलीच नव्हती. शेवटी त्यांनी गोटा वाटेवर टाकला आणि आवाजाच्या दिशेने धावत सुटले.

त्यांना पाहून दोघे चोर पळाले. तिसऱ्याचा पाय वेलीत अडकला आणि तो सापडला. तो भीतीपेक्षा नवलानेच बघत होता. "तुम्ही इकडं कसं, साहेब? गोटा तर चढाला लागला व्हता."

"तुला गोट्याचं काय ठाऊक?"

"त्याच्यावरच तर आमचं काम! गोटा चढाला लागला की सांजेपतूर काळदरी मोकळी."

"खेवजी तुम्हाला सामील आहे," रंगनाथराव म्हणाले. अजूनही त्यांना तेच ऐकायचे होते.

चोर हसला. "त्यो? त्याच्यापायी तर आमच्या कुऱ्हाडी गंजल्या व्हत्या. कवा कुठून येईल, नेम नसायचा. तुम्ही त्याला वाट आखून दिली, साहेब. तुमचे उपकार."

दिवस मावळताना रंगनाथराव चोराला घेऊन कचेरीत आले. खेवजी ओसरीवर होता तसाच बसलेला होता. दामूअण्णांनी फेरीवही उघडली.

"साहेब, गोटा वर पोचला?"

"नाही."

"मग आज काय लिहू?"

"नियमात काय आहे?"

"गैरहजर."

"मग लिहा तसं."

रंगनाथरावांनी हुकूम फाडला. मग आपल्या स्वतःच्या नोकरीची नोंदवही काढून, वर्दी द्यायला आलेल्या सगळ्या रखवालदारांदेखत तीत शेरा लिहिला: 'स्वतः न चालता नियम केला. त्यामुळे सरकारी रानाचे नुकसान झाले. दोष रखवालदाराचा नाही.' तो शेरा दरबारात गेला आणि त्यांची बढती कायमची थांबली, असे सांगतात. इथून पुढे गोटा रखवालदाराने न्यायचा नाही, रानाचा नियम ज्याला लिहायचा असेल त्याने न्यायचा, अशी त्यांनी त्याच रात्री शपथ घेतली.

पहाटे ते टाकलेला गोटा उचलायला एकटेच निघाले. गोटा कालच्यापेक्षा दुप्पट जड झाला होता म्हणे. दहा पावलांवर थांबावे लागे. असे थांबले असताना त्यांनी मागे पाहिले, तर पन्नास पावलांवर खेवजी उभा.

"तू कशाला आलास?"

"गोटा वर पोचतो का, बघायला."

हे ऐकून साहेब हसले, असे काहीजण सांगतात. तुळसाबाईंना ते पटत नाही. त्या म्हणतात, साहेब मुकाट्याने वळले आणि चढायला लागले.

आजही सुकाळवाडीला नवा अधिकारी रुजू झाला, की पहिल्या कागदावर सही करण्याआधी नदीतला एक गोटा घेऊन डोंगर चढतो. पन्नास पावले मागे एक रखवालदार असतो. अधिकारी थांबला की तोही थांबतो आणि उगीच झाडांकडे बघतो. तो हात देत नाही, पाणी विचारत नाही. गोटा राशीवर पडल्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकतो आणि मगच खाली जाऊन बाकीच्यांना सांगतो, की या साहेबांचे ऐकायला हरकत नाही.