ओळंब्याची दोरी

अवजारांना तोंड होतं त्या काळची गोष्ट. हणमंता गवंड्याच्या पिशवीत ओळंब्याचा हुकूम चाले. भिंत सरळ की वाकडी, हे तोच ठरवायचा, कामंही तोच वाटायचा आणि चुकणाऱ्याला तोंडावर झाडायचा. थापीनं एकदाच सल्ला दिला, तर म्हणाला, “तू माल थाप, डोकं चालवू नकोस.”

एकदा पुढं आलेल्या विटेला ओळंब्याची दोरी अडली आणि त्याचं माप चुकलं. थापीला ते दिसलं. ओळंबा मात्र ठणकावून म्हणाला, “सरळ आहे, चढवा!” थापी मुकाट्यानं माल थापत राहिली.

आठव्या दिवशी भिंत कोसळली आणि हणमंताचा उजवा हात कायमचा गेला.

“दोरी अडलीय, हे कुणी का सांगितलं नाही?” ओळंबा ओरडला.

“सांगायचं काम तुझं होतं ना?” थापी म्हणाली खरी, पण आता तिलाही धरायला हात उरला नव्हता.