बामीबायची पावलं

फार वर्षांपूर्वी, खाडीला बांध घालून माणसांनी समुद्राचं पाणी वाफ्यावाफ्यांत कोंडलं, तेव्हाची ही गोष्ट. वावळखार गावात त्या काळी भातापेक्षा मीठ जास्त पिकायचं, आणि ते पिकायचं पायांवर. मिठागराची जमीन दर खेपेला मीठ धरण्याआधी पायांनी तुडवून घट्ट करावी लागते. बायका एकीमागे एक ओळीने चालायच्या, टाचा आपटत, पुढचीच्या पावलावर पाऊल ठेवत. जमीन भुसभुशीत राहिली की पाण्यात चिखल मिसळतो आणि मीठ काळं निघतं.

या ओळीत सगळ्यांत पुढे बामीबाय असायची. तिने टाच मारली की खेकडे बिळं सोडून खाडीत पळायचे, असं म्हणतात. तिच्या मागे तिची धाकटी जाऊ नागी. नागीला मान वर करून बघायची सवयच नव्हती. बामीची टाच उचलली की तिथे आपलं पाऊल ठेवायचं, एवढंच तिला ठाऊक, आणि तेवढ्यात ती सुखी होती.

वाफ्यातलं मीठ ओढून रास करायच्या दिवसांत घरी जाताना प्रत्येकीने राशीतून एक ओंजळ पदरात घ्यायची, ही वहिवाट आगराइतकीच जुनी. त्या मिठात मासळी खारवून ठेवायची. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या की गाव त्या खाऱ्या मासळीवर दिवस काढायचं. ओंजळ नाही तर आषाढात भाताशी लावायला काही नाही, आणि भातही पुरेसा नाही.

पुढे हे आगर अनंतशेटच्या हाती आलं. शेट बोलायला गोड होता, म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस करायचा. पण त्या ओंजळीने त्याच्या पोटात दुखायला लागलं. रास माझी, तर तिच्यातली ओंजळ दुसऱ्याची कशी, असं तो म्हणे. त्याने ओंजळ बंद केली. बांधावर पहारेकरी बसवले. जाताना बायकांचे पदर झाडून बघायला लागले. तरीही शेटचं समाधान होईना. कुणीतरी त्याच्या कानाला लागलं, की या बायकांच्या पायांच्या भेगांत मीठ भरून जातं. झालं, बांधावर एक लाकडी टब आला. पाय धुतल्याशिवाय घरी जायचं नाही, आणि ते पाणी परत वाफ्यात ओतायचं, असा हुकूम सुटला.

त्या संध्याकाळी सगळ्यांत आधी बामीबाय टबापाशी आली. शेट तिथेच छत्रीखाली उभा होता. बामी थांबली, आपल्या फाटलेल्या टाचांकडे बघितलं आणि म्हणाली, "आगर तुमचा हाय, शेट. पन पाय माजे हायेत. त्यांच्यान शिरलाय तो मीठ माजा."

आणि ती तशीच, न धुतल्या पायांनी, बांधावरून चालत गेली.

तिच्या मागे नागी होती. आयुष्यात पहिल्यांदा पुढे टाच नव्हती. पहारेकऱ्याने टबावर काठी आपटली आणि नागी घाबरून खाली बसली. तिने पाय धुतले. मागच्या बायकांनीही मग मान खाली घालून धुतले.

बामीला शेटने आगराबाहेर काढलं. पण दुसऱ्या दिवशी एकही बाई वाफ्यात उतरली नाही. सगळ्या बांधावर मांडी घालून बसल्या, पाय लुगड्याखाली घेऊन. आगरातल्या पुरुषांनीही फावडी खाली ठेवली. पाय धुतले ते धुतले, आता तुडवायचं नाही, असं ठरलं. शेटने दगडी रूळ आणि बैल आणले. बैलांच्या खुरांनी जमिनीला खड्डे पडले आणि मीठ निघालं ते काळं.

पण गावातही मिठाचा खडा उरला नाही. पकडलेली मासळी सडायला लागली. बामी आपल्या वाट्याचं दुसऱ्यांच्या ताटात घालायची आणि मी जेवले म्हणून सांगायची. शेवटी तिने अंथरूण धरलं. नागी उशाशी बसली होती, पाय पदराखाली झाकून. टबात पाय धुतले त्या दिवसापासून ती पाय झाकूनच बसायची. बामीने तो पदर बाजूला सारला.

"पाय लपवू नको गो," ती म्हणाली. एवढंच बोलली आणि गेली.

तिचे दिवस झाले आणि त्या सकाळी मधल्या वाफ्यात पावलं उमटली. ओळीने, टाच खोल गेलेली. प्रत्येक पावलात ओंजळभर मीठ, जाईच्या फुलासारखं पांढरं, असं म्हणतात. शेट म्हणाला, हा कुणाचा तरी खोडसाळपणा. त्याने पावलं बुजवायला लावली. सकाळी ती परत भरलेली. मग पहारेकरीही पावलांना हात जोडून मागे सरले. तेव्हा शेट स्वतः जोडे काढून वाफ्यात उतरला आणि भर उन्हात पावलं बुजवत राहिला. खाऱ्या पाण्याला शेट आणि मजूर सारखेच. त्याच्या मऊ टाचा फाटल्या. तो लंगडत बांधावर आला आणि पायांवर घ्यायला पाणी मागू लागला.

कुणी उठलं नाही. उठली ती नागी. तिने कळशी आणली, टब त्याच्या पायांखाली सरकवला आणि सावकाश पाणी घातलं. पाण्यात थोडं मीठ उतरलं, थोडं रक्त. नागीने मान वर केली आणि सरळ शेटच्या डोळ्यांत बघितलं.

"शेट, हा पानी वाफ्यान वतू ना? तुमचाच हुकूम हाय."

शेटने टबाकडे बघितलं. मग जोडे तिथेच टाकून अनवाणी निघून गेला. त्याला पश्चात्ताप झाला, असं सांगणारे आहेत. गाव ते मानत नाही. त्याला मीठ हवं होतं, आणि ते कुणाच्या पायांनी पिकतं हे त्याला कळलं, एवढंच गाव मानतं. त्या संध्याकाळी बांधावर पहारा नव्हता. बायकांनी बामीच्या पावलांतून एकेक ओंजळ घेतली, सगळ्या गावाने घेतली, तरी पावलं रिती झाली नाहीत, असं म्हणतात.

आजही वावळखारला आगर तुडवायला सुरुवात होते तेव्हा ओळीतली पहिली जागा मोकळी सोडतात. चालायला लागते ती दुसरी बाई, आणि तिच्या पायाखाली जमीन आधीच दबलेली लागते म्हणे. ओंजळ अजून पदरात पडते. बांधावर मात्र कुणी पाय धूत नाही. खारे पाय घेऊन घरी यायचं, आपल्या दारात धुवायचे आणि ते पाणी आपल्याच अंगणात ओतायचं, अशी रीत आहे. त्या जागी गवत उगवत नाही. पण गावात कुणाला त्याचं वाईट वाटत नाही.