आंबेखिंडीचा बाजार

"दसऱ्याला आंबेखिंडीचा बाजार माझ्या राजधानीत भरला पाहिजे! नाहीतर ते गावच उठवून टाकीन!" भैरोजीराजे गरजले.

राजांचं दुखणं जुनं होतं. गगनपूरच्या डोंगरमाथ्यावर त्यांनी राजधानी थाटली, वाड्यावर सोन्याचा कळस चढवला, वेशीवर हत्ती बांधला; पण तिकडे चिटपाखरू फिरकेना. आणि आंबेखिंडीत, ना कळस ना हत्ती, तरी बारमाही गर्दी! बंदरावरून मीठ, खोबरं, सुकी मासळी लादलेले बैल घाट चढून यायचे, देशावरून ज्वारी-गूळ यायचा, आणि दोघांची गाठ तिथेच पडायची. त्या मुलखात डोंगर ओलांडायला वाटच ती एक!

राजांनी एकदा शिपाई लावून बैलांचा एक तांडा गगनपूरकडे वळवला होता. निम्मं मीठ वाटेतल्या नदीतच विरघळलं आणि उरलेलं घेऊन बैल चढणीवर जे बसले ते उठेचनात. प्रधानजी म्हणाले, "महाराज, या बैलांना राजधानीची कदरच नाही!" राजांना ते पटलंसुद्धा.

आता हा हुकूम ऐकून गावाची पाचावर धारण बसली. बैलांना नाल ठोकणाऱ्या संभूची मुलगी चिमा मात्र संतापली. घर जाणार, बापाची भट्टी विझणार, तेही एका रुसलेल्या राजापायी! ती तडक दरबारात गेली.

"म्हाराज, राजधानी म्हंजी नेमकं काय वो? ह्यो डोंगर का ह्यो वाडा?"

"खुळी का तू? जिथे माझी गादी, तिथे राजधानी!"

"मंग दसऱ्याला तुमच्या राजधानीत बाजार भरला, तर आमचं गाव वाचलं?"

"वाचलं! राजाचा शब्द आहे!"

"मंग यंदा शीव वलांडाया खऱ्या शिवंवर या. बाजार तुमच्या म्होरं हजर करते."

दरबारात कुजबुज झाली. दसऱ्याला गादी पालखीत घालून राजाने शीव ओलांडायची, असा रिवाज होता. खरी शीव होती आंबेखिंडीत. पण राजांना चढउतार सोसेना, म्हणून कित्येक वर्षं वाड्यामागचा एरंडाचा बांधच शीव ठरवून ओलांडला जायचा! आता बाजार मिळणार म्हटल्यावर राजे कसेबसे तयार झाले.

दसऱ्याला गादी आंबेखिंडीत पोचली. चिमाने ती भर बाजारात, आंब्याखाली मांडायला लावली. मासळीच्या वासाने प्रधानजींनी नाकाला शेला लावला.

"बाजार तर अजून इथेच! हलवणार कधी?" राजांनी विचारलं.

"हलवायचा कशापायी? गादी हितं, म्हंजी राजधानी हितं. अन् बाजार तर भरलाय. झालं की काम!"

राजे लालबुंद झाले. "मी बाजाराला बोलावलं होतं! राजाने बाजाराकडे जायचं?"

"म्हाराज, गादी चार भोई उचलत्यात. खिंड कोन उचलनार? एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला देश, मधी ह्यो डोंगर. देवानं दार ठेवलं त्ये हितं! तुमच्या वाड्याम्होरं ठेवायचं त्यो इसरला!"

"मग आत्ताच गाव उठवतो! बघू इथे कोण राहतं!"

"उठवा की! ऱ्हायाला मानसं तयारच हायेत." चिमाने घाटाखाली बोट दाखवलं. तिथे शेजारच्या राजाचे तंबू दिसत होते. "सालभर टपून बसल्यात. तुमची शीव एरंडापाशी, तुमाला दिसनार कशी? आमी उठलो की सांजच्याला हितं त्येंची चौकी. मंग तुमच्या आमटीत मीठ पडायचं त्येबी त्येंच्या परवानगीनं!"

प्रधानजींच्या हातातला शेला गळून पडला. राजांनी तंबूंकडे पाहिलं, खिंडीकडे पाहिलं, प्रधानजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खो-खो हसत सुटले.

"गाव राहिलं! आणि गादीही इथेच राहिली! पोरी, गगनपूरचा सोन्याच्या कळसाचा वाडा तुला बक्षीस!"

चिमा दोन पावलं मागे सरली. "नगं, म्हाराज! गाव वाचवलं म्हून मला वनवास व्हय? तिथं येतंय कोन?"

राजे इतके हसले, की पगडी थेट मिठाच्या पोत्यावर जाऊन पडली. मग त्यांनी तिथेच हुकूम केला: घाटावरच्या नव्या चौकीचा कारभार चिमाकडे, आणि गगनपूरचा वाडा प्रधानजींना!