हुकमाशेठचा विडा

कुंभारवाड्यातली चाकं थांबली होती. चाकं फिरवणारे हात हुकमाशेठच्या बागेला पाणी घालत होते!

झालं होतं असं. शेठने कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लावला, तोही फुकट. फुकट म्हटल्यावर मागे कोण राहतो? खेळ संपला की दारात शेठ स्वतः चांदीचं तबक घेऊन उभा. "घ्या, विडा घ्या!" दिलेला विडा नाकारू नये, ही तर जुनी रीत. सगळ्यांनी घेतला. दुसऱ्या दिवशी शेठचा माणूस कावड घेऊन घरोघर हजर! तबकाच्या बुडाला मुंगीएवढ्या अक्षरांत कोरलं होतं, 'विडा घेणाऱ्याने वर्षभर शेठच्या बागेला पाणी घालावे.'

विडा नको असेल तर दुसरं दार होतं की! गोठ्यामागे, कमरेत वाकून जायचं, आणि वर पाटी, 'अरसिकांनी इकडून जावे.' चारचौघांत तिकडे कोण वळणार?

सटवा कुंभारही त्यात अडकला. मडकी नाहीत तर बाजार नाही, बाजार नाही तर भाकरी नाही. त्याची मुलगी गोजरी संतापून थेट दरबारात गेली.

रणधवल राजा भारी हट्टी. त्याने शेठलाही बोलावून घेतलं. "विडा कुणी बळेच तोंडात कोंबला का?"

"छे छे, महाराज! हसत हसत घेतला," शेठ म्हणाला.

"मग तो होकारच! पोरी, होकार देऊनही ज्याने होकार दिलेला नाही, असा माणूस येत्या सोमवारी इथे उभा कर. नाहीतर तूही कावड उचल!"

सोमवारी गोजरी एकटीच आली. हातात मातीचं तबक, त्यात विडा.

"माणूस कुठाय?"

"दाखवते ना. आधी विडा घ्या, महाराज."

राजाने विडा तोंडात टाकला. झकास लागला होता!

"मग उद्यापासून या आमच्याकडे चिखल तुडवायला!"

"काय?"

गोजरीने तबक उलटं केलं. ओल्या मातीत काट्याने कोरून भाजलेली बारीक अक्षरं तिथे होती. राजा ताडकन उठला. "आम्ही कधी हो म्हटलं?"

"हाच तो माणूस, महाराज! आणि बघा, उभाही आहे!"

शेठ उसळला, "पण महाराजांना नाही म्हणता आलं असतं!"

"येईल की अजूनही! भर दरबारात तीनदा 'मी अरसिक आहे' म्हणायचं, की सुटका!"

राजा पोट धरधरून हसला. हसू आवरत त्याने हुकूम सोडला, "आधी मोठ्याने विचारा, मग विडा द्या! आणि नकाराचं दार होकाराच्या दाराइतकंच रुंद, त्याच भिंतीत! कुंभारांना सोडा. त्यांचा चिखल आता वर्षभर शेठ तुडवील."

मग त्याने मोहरांनी भरलेलं तबक गोजरीपुढे धरलं.

गोजरीने ते घेतलं नाही. खाली वाकली, मान वर करून तबकाचं बूड नीट न्याहाळलं, आणि मगच हात पुढे केले!